उफराट्यांची वाटणी

"उफराट्या सगळ्या माज्या," वैनी म्हणाली, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं एक डालगं आपल्या पायाशी ओढून घेतलं.

सासूचं तेरावं आदल्या दिवशीच उरकलं होतं. घर वाटून झालं, गुरं वाटून झाली, काजूच्या बागेत मध्ये दगड रोवून झाले. एका पितळी कळशीवरून आम्ही दोघी जावा सकाळभर भांडलो होतो आणि ती शेवटी वैनीनंच नेली होती. आता खळ्यात उरल्या होत्या त्या कोंबड्या. बांबूची दोन डालगी पालथी घातलेली. एकाखाली सात उफराट्या, दुसऱ्याखाली नऊ सरळ्या, दोन्हींत कोंबडे धरून.

उफराटी कोंबडी ज्यानं बघितली नाही त्याला सांगायला हवं. साध्या कोंबडीचं पीस अंगाला चिकटून शेपटीकडे जातं. उफराटीचं पीस बाहेर वळून डोक्याकडे येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला कुणीतरी शेपटीकडून कुरवाळून तशीच सोडलीय. अशी कोंबडी आमच्या पंचक्रोशीत फक्त आमच्या घरात होती, सासूच्या सासूच्याही आधीपासून. मार्गशीर्षात गावाच्या शिवेवर राखणदार देवाला कोंबडे देतात, त्याला आमच्याकडे राखण म्हणतात. त्यातला पहिला कोंबडा उफराटा हवा, आणि तो आमच्या घरचा. हा आमचा मान. लांबलांबचे भगत येऊन सासूपुढे हात जोडायचे, एक कोंबडी द्या म्हणून. सासू गळलेलं एखादं पीस द्यायची. जितं जनावर नाही, आणि उबवायचं अंडं तर मुळीच नाही. बीज उंबरठ्याबाहेर जायचं नाही, हा घरचा नियम.

तेव्हा त्या दिवशी वाटणीत खरी किंमत कशाला होती तर ती त्या पायाशी ओढलेल्या डालग्याला.

पंच म्हणून गावचे मानकरी, गावकर, बसले होते. ते वैनीला म्हणाले, "द्रौपदी, अगो निम्म्या-निम्म्या घ्या. दोघी सुना एकाच म्हातारीच्या."

"राखणीचा मान थोरल्या घराचा ना?" वैनी म्हणाली. "मग मानाची कोंबडी पण थोरल्याची. सरळ्या हिला घेऊ दे. रश्श्याला बऱ्या."

माझे थोरले दीर खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरत होते. त्यांनी उभ्या जन्मात बायकोपुढे तोंड उघडलं नव्हतं. बाकी सगळे माझ्याकडे बघायला लागले. कळशीसाठी एवढा तमाशा केलेली बाई आता वैनीच्या झिंज्याच उपटणार, असं त्यांना वाटलं असणार.

"घेऊन जा," मी म्हटलं.

वैनी चपापली. "काय म्हणालीस?"

"घेऊन जा म्हटलं. माज्या सरळ्या मला पुरे."

माझा नवरा धाकू माझा दंड धरून कानाशी आला. "सगुणा, तुला कळतंय काय? उफराट्या दिल्यास तू."

"मला सगळं कळतंय. तुमी गप बसा."

मी माझं डालगं उचललं आणि घरात आले. दार लोटून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसले. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला लग्नात गळ्यात माळ पडली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

सासूचं दुखणं मी एकटीनं काढलं होतं. वैनी रोज संध्याकाळी दारात यायची, "कशी हाय?" विचारायची आणि मी उत्तर देईपर्यंत पाठ फिरवायची. हगणं-मुतणं माझ्याकडे आणि थोरलेपण तिच्याकडे. शेवटच्या महिन्यात एका दुपारी मी सासूला पेज भरवत होते. तिनं चमचा बाजूला सारला आणि म्हणाली, "कोंबड्यांचं ध्यान देऊन ऐक. उफराटीवर उफराटा कदी घालू नको. तिला कोंबडा सरळाच हवा. दोन उफराटे एकत्र आले की पोरं उघडी पडतात. पिसं फुटतात आनि तुटून जातात. पौषाच्या थंडीत एक पन जगत नाय. लोक म्हणतात बाधा. बाधा-बिधा काय नाय. सरळ्या हायत म्हणून उफराट्या हायत."

वैनीला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. खुराड्याच्या वासानं तिला मळमळायचं. म्हणजे सात उफराट्या तिनं नेल्या आणि त्यांना लागणारा कोंबडा माझ्याकडे ठेवून गेली. आणि माझ्या सरळ्या तरी कुठल्या? त्याच आयांच्या पोटच्या, त्याच अंड्यांच्या खेपेतून निघालेल्या. रक्त तेच. आज ना उद्या माझ्या डालग्यात उफराटं पिल्लू निघणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. वर्षभरात तिचं खळं ओस पडतं, माझं भरतं आणि राखणीचा मान आपल्या पायानं माझ्या दारात येतो, असा माझा हिशेब होता. एक वाक्य गिळून बसायचं, बस्स.

दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा घातला गेला, कंबरेएवढ्या उंचीचा. तिकडून वैनीचा आवाज यायचा, इकडून माझा जायचा. केर माझ्या अंगणात आला, तुमची गाय माझ्या माडाशी घासते, तुमचं सांडपाणी, तुमचा धूर. आम्ही दोघी कशावरूनही भांडायचो. पुरुष कामावर गेले की दिवसभर ते एकच काम होतं.

माझा सरळा कोंबडा एकच, तांबडा, मोठा रुबाबदार. त्याला कोण सांगणार वाटणी झाली म्हणून? तो रोज गडगा उडून पलीकडे जायचा, आपल्या जुन्या बायकांकडे. चौथ्या-पाचव्या दिवशी वैनीनं चिऱ्याचा तुकडा भिरकावला तो त्याच्या पायावर बसला. लंगडत, पंख पसरत तो परत आला आणि मी गडग्याशी धावले.

"मुक्या जनावराला मारता? हात झडतील तुमचे."

"तुजा सरळा माज्या कोंबड्या बाटवतो," वैनी म्हणाली. "माजं बीज मला शुद्ध ठेवायचंय. बांदून ठेव त्याला. परत आला तर मानच मुरगाळीन."

दुसऱ्या दिवशी तिनं गडग्यावर करवंदीच्या काट्या रचल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बघत उभी राहिले. बाई आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होती आणि वर मलाच शिव्या देत होती. तिनं बांध म्हटलं ना, मी बांधला. कोंबड्याच्या धड पायाला सुतळी लावून त्याला पडवीच्या खांबाला अडकवला आणि वर्षभर सोडला नाही. माझ्या कोंबड्यांनाही तोवर अंड्यांवर बसवलं नाही, म्हटलं आधी तिचं खळं ओस पडू दे. काट्या नसत्या तरी तो आता जाणार नव्हता, याची मी काळजी घेतली.

कार्तिकात वैनीच्या दोन कोंबड्या अंड्यांवर बसल्या. पिल्लू उफराटं की सरळं ते आठव्या-दहाव्या दिवशी कळतं, पंखाचं पहिलं पीस बाहेर फुटतं तेव्हा. दहाव्या दिवशी वैनी वाडीभर सांगत फिरली की यंदा उफराट्याच उफराट्या, अशी खेप म्हातारीच्या हयातीत कधी झाली नाही. मी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होते. म्हटलं, नाच अजून थोडी.

मार्गशीर्षात राखण झाली. उफराटा कोंबडा वैनीच्या घरून गेला, वाजतगाजत, माझ्या दारावरून. मी दार लावून घेतलं.

पौष लागला आणि तिच्या पिल्लांचं अंग उघडं पडायला लागलं. सगळ्यांचं नाही, सोळांपैकी पाचांचं. पिसं फुटायची, वळायची आणि काडीसारखी मोडून पडायची. आत लाल कातडं. पाचही पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या पोटाखाली शिरून दिवसभर कुडकुडायची. गडग्यावरून मला दिसायची. मेली ती आठवड्याच्या आत.

"काय केलंस गो माज्या पिलांना?" वैनी काट्यांपलीकडून ओरडली. तिच्या हातात मेलेलं पिल्लू होतं, तंगडीला धरलेलं.

"मी कशाला काय करू? तुमची तुमी सांभाळा."

"कुणी काय केल्याबिगर अशी होतात? म्हातारीच्या वक्ताला कदी झाली नायत."

"म्हातारीच्या हाताला गुण होता."

"हाताला गुण नाय, तुज्या डोळ्याला अवगुण हाय. वाटणीच्या दिवशी मुकाट घेऊन जा म्हणालीस, तवाच मी समजायला हवं होतं. भांडल्याबिगर कोण सोडतं असं? तवाच काय ते करून ठेवलंस तू!"

बघा म्हणजे. करणीचा आळ खोटा होता, पण बाकी तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोला," आणि आत गेले. 

फाल्गुनात तिनं परत कोंबड्या बसवल्या. परत तेच झालं. जी सरळी निघाली ती तिनं कापून खाल्ली, उघडी निघाली ती मेली. उरलेल्या उफराट्या, त्यांच्यावर उफराटाच कोंबडा. पावसाळ्यात आणखी एक खेप, त्यातली उघडी पिल्लं पहिल्याच झडीत गेली. वर्षभर वैनी तोंडानं माझा उद्धार करत होती, आणि हळूहळू वाडीला ते खरं वाटायला लागलं. विहिरीवर मी गेले की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. भात लावायला माझ्या वाफ्यात एकही बाई आली नाही. आम्ही दोघांनीच लावलं, मी आणि धाकूनं, कंबर मोडेपर्यंत.

धाकू चिरेखाणीत कामाला होता, बोलायला कमी. एकदा जेवता जेवता त्यानं ताट पुढे सारलं.

"खाणीत मला कोण पाणी देत नाय आता. चेटकिणीचा घो म्हणतात."

"म्हणू दे."

"तुला काय ठाव हाय काय? खरं सांग. आय शेवटी तुज्याशी बोलत होती."

"मला काय ठाव असणार?"

"सगुणा."

"काय सगुणा? तुमच्या वैनीनं कोंबड्यांपायी माजी अब्रू वेशीला टांगलीन, आनि तुमी मलाच विचारता? सुखानं चार घास खा."

तो उठून गेला. सांगितलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. करणीचा आळ गेला असता, विहिरीवर परत जागा मिळाली असती. पण वैनी शहाणी झाली असती. उद्याच्या उद्या येऊन माझा सरळा कोंबडा मागितला असता आणि पंचांनी तो तिला देववला असता. मान तिचा, उफराट्या तिच्या, आणि आता कोंबडाही तिचा? मला ते मरेपर्यंत जमलं नसतं. चेटकीण तर चेटकीण म्हणा.

आणि मग वैनीची सून पोटुशी राहिली.

पहिलं बाळंतपण. वैनी तिला तळहातावर घेऊन वागायची. पण आश्विनाच्या खेपेला परत चार पिल्लं उघडी निघाली आणि वैनीचा धीर सुटला. ती पलीकडच्या गावच्या भगताकडे गेली. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, बाधा कोंबड्यांवर आहे, आज कोंबडीचं पोर उघडं पडतंय, उद्या माणसाचं पडेल. खुराडं मुळापासून साफ कर, एक ठेवू नकोस. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मला कळलं ते आवाजावरून.

सकाळचे नऊ वाजले असतील. मी पडवी शेणानं सारवत होते. पलीकडे कोंबड्यांचा एकच कल्लोळ उठला. एक कोंबडी धरताना होतो तसला नाही. मी हात तसेच घेऊन गडग्याशी गेले. वैनीनं सगळ्या उफराट्या दोन डालग्यांखाली कोंडल्या होत्या. थोरले दीर कोयता घेऊन लाकडाच्या ओंडक्याशी बसले होते आणि वैनी डालग्याखाली हात घालून एकेक काढून त्यांच्या हातात देत होती. बाजूला चार पडल्या होत्या. उलटी पिसं मातीत आणि रक्तात चिकटली होती. सून ओसरीवर पोटाला पदर गुंडाळून बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

मला ओरडायचं होतं. थांबवा, सरळा कोंबडा घाला, बाधा नाही काही. एवढंच. तोंड उघडलंही.

"आलीस?" वैनी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "बग. डोळे भरून बग. तुज्या मनासारकं झालं."

माझे ओठ मिटले.

इतक्यात डालगं कलंडलं. एक कोंबडी निसटली, खळं ओलांडून धावत आली आणि पंख मारून काट्यांवर चढली. तिथं अडकली, सुटली आणि माझ्या बाजूला धपकन पडली. ती झिपरी होती. सासूची लाडकी, काळी-पांढरी, चार वर्षांची. सासूच्या अंथरुणाखाली अंडं घालायची ती हीच. वाटणीआधी रोज माझ्या हातून दाणे खाल्लेली. ती सरळ माझ्या पायांत आली आणि लुगड्याच्या घोळात शिरली.

मी तिला उचलली. तिची छाती नुसती धाडधाड उडत होती. मानेच्या उलट्या पिसांत करवंदीचा काटा रुतला होता, तो मी काढला.

तोपर्यंत बाकीच्या संपल्या होत्या. दीर कोयता धुवायला गेले. वैनी गडग्याशी आली. काट्यांच्या पलीकडे ती, अलीकडे मी. हाताला रक्त, कपाळाचं कुंकू घामानं फिसकटलेलं. बराच वेळ ती झिपरीकडे बघत राहिली.

"ठेवायची तर ठेव," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"ठेव म्हटलं. नायतरी तुजंच हाय ते सगळं. तुज्या घरात तिला कसली बाधा होणार? ठेव."

माझ्या डोक्यात सणक गेली. पलीकडे वाडीतल्या चार बायका येऊन उभ्या होत्या. ही बाई मला सगळ्यांदेखत सांगत होती, करणी तुझी, कोंबडी तुझी, घे. आज मी झिपरी ठेवली असती तर उद्या वाडी म्हणाली असती, बघा, एवढ्यासाठी केलं हिनं. आणि मला तिची गरज तरी काय होती? माझ्या खुराड्यात बीज होतं. आजच्या दिवसानंतर फक्त माझ्याच खुराड्यात होतं.

"तुमची घाण माज्या खळ्यात नको," मी म्हटलं. "वाटणीत तुमी नेलीत. तुमची तुमाला लखलाभ."

आणि काट्यांवरून हात उंच करून मी झिपरी तिच्या हातात दिली.

वैनीनं लगेच घेतली नाही. माझे हात तसेच वर राहिले, झिपरीचे पाय हवेत. मग तिनं घेतली. वळली आणि ओंडक्याकडे गेली. दीर आले नव्हते, तेव्हा ते तिनं स्वतःच केलं. मी आत आले आणि राहिलेली पडवी सारवायला लागले.

त्या वर्षी राखणीला पहिला कोंबडा साधाच गेला, गावकरांच्या घरचा. मी धाकूला म्हटलं, एक वर्ष थांबा फक्त. कोंबड्याच्या पायाची सुतळी सोडली आणि माघात दोन कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. एकवीस दिवस मी त्यांच्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. पिल्लं निघाली अठरा. दहाव्या दिवशी मी एकेकाला तळहातावर घेऊन पंख उघडून बघितला. सगळी सरळ.

म्हटलं, पहिल्या खेपेला नाही निघालं. दुसऱ्या खेपेलाही नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही. मी कोंबडे बदलले, भाऊ-बहीण जुळवले, आई-लेक जुळवले. सासूसारखा तांदळाचा कोंडा ताकात कालवून घातला. खुराड्याचं तोंड फिरवून उगवतीला केलं. राखणदाराला नारळ बोलले. शंभराच्या वर पिल्लं निघाली असतील, प्रत्येकाचा पंख मी दहाव्या दिवशी उघडला. आपल्या पोरीचं पहिलं न्हाण सांगायला आली असेल सोयरीण, तिला दारात उभी ठेवून मी पंख बघत बसायची. धाकू म्हणायचा, "सोड आता तो नाद." मी त्याच्यावर खेकसायची.

वैनीला नातू झाला, धडधाकट. बारशाचं बोलावणं आम्हाला नव्हतं.

सहावं वर्ष असेल. काट्या कुजून खाली पडल्या होत्या आणि वैनीनं नव्या लावल्या नव्हत्या. पौषातलं कोवळं ऊन होतं. मी गडग्यावर टोपली ठेवून त्यातलं एकेक पिल्लू काढत होते, पंख उघडत होते आणि दुसऱ्या टोपलीत टाकत होते. वैनी नातवाची चड्डी वाळत घालायला आली आणि तिथंच थांबली. सहा वर्षांत शिवीशिवाय आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो.

"काय बगतेस रोज त्यांच्यात?" ती म्हणाली.

"तुमाला काय करायचंय?"

"उफराटं निघतंय काय ते बगतेस." तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "नाय निघायचं. शंभर वर्षं बसवलंस तरी नाय. सरळ्यातनं उफराटी निघत नाय कदी. बीज उफराट्यांतच असतं. माज्या लग्नाच्या वर्षीच म्हातारीनं मला सांगितलंन."

माझ्या हातात पिल्लू होतं. ते चिवचिवत होतं.

"तुमाला सांगितलंन?"

"मग? उगाच काय उफराट्या ओढल्या मी? तुला सरळ्या दिल्या, म्हटलं बस आता, हिच्या दारात मान कदी जायचा नाय." ती चड्डी पिळत होती, पाणी केव्हाच संपलं होतं. "माज्या हातात आल्या आनि माज्याच हातात नासल्या. कुणाची नजर लागली देव जाणे."

माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. सहा वर्षं गिळलेलं वाक्य. "नजर नाय. उफराटीला कोंबडा सरळा लागतो. दोन उफराटे एकत्र केले की पोरं उघडी पडतात. ते मला सांगितलंन म्हातारीनं."

वैनी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल, वाडी गोळा करेल. मी वाट बघत होते. तिनं ओरडायला हवं होतं.

"म्हणजे तुज्या लंगड्या कोंबड्यानं झालं असतं?"

"झालं असतं."

"आनि तू तो बांदून ठेवलास."

"तुमीच म्हणालात बांद."

ती गडग्यावर हात टेकून उभी राहिली. पलीकडे तिचा नातू मांजराच्या मागे धावत होता. त्याच्याकडे बघत ती बोलली, आणि आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं.

"त्या दिवशी भगत म्हणाला, एक ठेवू नको. सुनेच्या पोटात पोर होतं गो, मी काय करणार होते? माज्या घरात मला ठेवता येत नव्हती. पन मला ठाव होतं ना, उफराट्या गेल्या की संपलं. तुज्या सरळ्यांतनं काय निघणार नाय. झिपरी तुज्याकडं उडून आली तेव्हा मला वाटलं, बरं झालं. एक तरी राहील. घरातच राहील."

"मला वाटलं, आळ घालता म्हणून..."

"तुज्याशी गोड बोलायला जमतंय काय मला?" वैनी म्हणाली. "शिवी घालून का होईना, पन ठेव म्हटलं होतं मी. दोनदा म्हटलं. सगुणा, मी ठेव म्हटलं होतं."

वाटणीनंतर तिनं माझं नाव घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

 टोपलीत अजून तीन पिल्लं बघायची राहिली होती. मी त्यांचे पंख न उघडताच ती दुसऱ्या टोपलीत ठेवली आणि घरात आले.